गांजाबंदी आणि तिच्यामागील हितसंबंध : महाराष्ट्राच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश : गांजावरील बंदी उठवावी की कायम ठेवावी, हा वाद आज जगभर सुरू आहे. या वादात बंदीच्या समर्थकांवर आणि विरोधकांवरही छुप्या हितसंबंधांचा आरोप केला जातो. १८९३-९४ चा भारतीय भांग-गांजा आयोग, १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा या तीन टप्प्यांच्या आधारे भारतातील बंदी कशातून आली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रत्येक टप्प्यावर निर्णय घेणाऱ्यांचे हित नोंदले गेले. पीक घेणारा शेतकरी आणि सेवन करणारा सामान्य माणूस मात्र निर्णयप्रक्रियेबाहेर राहिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : गांजा, भांग, आबकारी महसूल, एनडीपीएस कायदा, हितसंबंध, ऊसपट्टा.

प्रस्तावना

शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा हे गाव भीमा आणि घोड या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले आहे. भीमेपलीकडे दौंड तालुका लागतो, तर घोड नदीपलीकडे श्रीगोंदा. हा सारा परिसर उसाचा आहे. उंच वाढलेल्या उसात लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नेली, अशा बातम्या पुणे, सोलापूर, सातारा, सांगली या जिल्ह्यांतून अधूनमधून प्रसिद्ध होतात. बातमीत झाडांची संख्या, वजन आणि बाजारभावाने केलेली किंमत असते. शेतकऱ्याने ही झाडे का लावली आणि पुढे त्याचे काय झाले, हे मात्र क्वचितच वाचावयास मिळते.

हेच पीक सव्वाशे वर्षांपूर्वी याच टापूत सरकारी परवान्याने घेतले जात होते, याची जाणीव आज फारशी उरलेली नाही. मुंबई इलाख्यात गांजाच्या लागवडीचे जे जिल्हे होते, त्यांत तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, आणि सातारा हे ठळक होते. घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्ह्याची हद्द सुरू होते. एका पिढीचे परवानाधारक पीक पुढच्या काळात दहा वर्षांच्या सक्तमजुरीचा गुन्हा कसे ठरले, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) भारतातील गांजाबंदीचा ऐतिहासिक क्रम स्पष्ट करणे, (२) बंदीमागील व बंदीविरोधामागील हितसंबंध उपलब्ध नोंदींच्या आधारे तपासणे, (३) ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने या वादाचा अर्थ लावणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गांजाच्या सेवनाचे समर्थन करणे हा या लेखाचा हेतू नाही.

वनस्पती एक, पदार्थ तीन

विवेचनापूर्वी संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा आणि झाडावरील राळेपासून चरस तयार होतो. याच वनस्पतीच्या सालीपासून चिवट धागा निघतो आणि बियांपासून तेल. नशा आणणारे मुख्य द्रव्य, ज्यास संक्षेपाने टीएचसी म्हणतात, ते फुलोऱ्यात व राळेत अधिक आणि पानांत कमी असते. आपल्याकडे उसापूर्वी हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग ही मात्र सर्वस्वी निराळी वनस्पती होय. इंग्रजी लेखनात दोहोंस जवळजवळ एकच नाव दिले गेल्याने जुन्या कागदपत्रांत अनेकदा घोटाळा होतो.

१८९३-९४ चा आयोग : सरकारने विचारलेला प्रश्न

मद्यपानविरोधी चळवळीचे पुढारी व ब्रिटिश संसदेचे सदस्य विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी १८९३ साली हाउस ऑफ कॉमन्समध्ये भारतातील गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून त्याच वर्षी भारत सरकारने चौकशी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांत तीन भारतीयांचा समावेश होता. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला.

आयोगाची कार्यपद्धती आजच्या संशोधकासही उद्बोधक वाटावी अशी आहे. गांजामुळे माणसे वेडी होतात, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता आणि वेड्यांच्या इस्पितळांची आकडेवारी त्याचा पुरावा मानली जात असे. आयोगाने केवळ आकड्यांवर विश्वास न ठेवता एकेका रुग्णाच्या नोंदीची छाननी केली. १८९२ मध्ये दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे इस्पितळांनी नोंदवले होते. छाननीअंती केवळ ९८ प्रकरणांत हे कारण ग्राह्य ठरले आणि त्यांपैकी ६१ प्रकरणांतच ते एकमेव कारण होते. अन्य कारण सापडले नाही की कारकुनाने रकान्यात गांजा लिहून टाकावा, अशी रीत अनेक ठिकाणी पडली होती.

मर्यादित सेवनाने सहसा गंभीर हानी होत नाही, अतिसेवन घातक आहे आणि संपूर्ण बंदी ही आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा निष्कर्ष आयोगाने काढला. बंदी घातल्यास लोक मद्याकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक विषारी पदार्थांकडे वळतील, अशी भीतीही त्याने व्यक्त केली. लागवडीवर परवाना, विक्रीवर नियंत्रण आणि पुरेसा कर, हा त्याचा मार्ग होता.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. आयोगाची शिफारस सरकारच्या तिजोरीसही सोयीची होती. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याखाली दारूप्रमाणेच गांजा-भांगेवरही नियंत्रण होते व त्यातून उत्पन्न मिळत होते. आबकारीच्या उत्पन्नासाठी सरकार जनतेच्या व्यसनास उत्तेजन देते, हा आक्षेप महाराष्ट्रास नवा नव्हता. महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध केला होता. म्हणून आयोगाचा अहवाल निःस्वार्थ होता असे मानण्याचे कारण नाही. तथापि, त्याने गोळा केलेला पुरावा पारखून घेतला होता आणि एवढ्या विस्ताराची चौकशी नंतर बंदी घालताना भारतात झाली नाही, हे निर्विवाद आहे.

जिनिव्हा ते न्यूयॉर्क : बंदीचा उगम

बंदीचा विचार भारतात आला तो आंतरराष्ट्रीय करारांतून. १९२५ च्या जिनिव्हा येथील अफू परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधींनी चरसावर निर्बंध घालण्याची आग्रही मागणी केली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रतिनिधींनी येथील सामाजिक व धार्मिक रूढी आणि रानोमाळ उगवणारी वनस्पती यांचा दाखला देऊन अडचणी मांडल्या. अमेरिकेत हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांच्या नेतृत्वाखालील अमली पदार्थ विभागाने गांजाविरोधी प्रचाराची राळ उडवली व १९३७ मध्ये त्यावर जबर कराचा कायदा झाला. मेक्सिकन मजूर व कृष्णवर्णीय यांच्याविषयीचा वांशिक पूर्वग्रह या प्रचारात उघडपणे दिसतो.

१९६१ साली न्यूयॉर्क येथे अमली पदार्थांविषयीचा एकत्रित करार झाला. भारताने या वाटाघाटींत दोन सवलती मिळवल्या. पहिली सवलत व्याख्येतील होती. फुलोरा नसलेली पाने व बिया ‘गांजा’च्या व्याख्येतून वगळल्या गेल्या आणि त्यामुळे भांग वाचली. दुसरी सवलत मुदतीची होती. औषधी वा शास्त्रीय कारणाखेरीज होणारा गांजाचा वापर करार अमलात आल्यापासून २५ वर्षांत थांबवावयाचा होता. करार १३ डिसेंबर १९६४ रोजी अमलात आला. म्हणजे मुदत १९८९ च्या अखेरीस संपणार होती.

१९८५ चा कायदा

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ हा याच पार्श्वभूमीवर आला. विधेयक ऑगस्ट १९८५ मध्ये लोकसभेत मांडले गेले, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १४ नोव्हेंबरपासून कायदा लागू झाला. विधेयकाच्या उद्देशपत्रात देशातून होणारी अमली पदार्थांची चोरटी वाहतूक, जुन्या कायद्यांतील अपुऱ्या शिक्षा आणि आंतरराष्ट्रीय करारांची जबाबदारी ही कारणे प्रामुख्याने दिली होती. १९६१ च्या करारातील व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी या कायद्याच्या कलम २ मध्ये उतरली आहे.

या व्याख्येचा परिणाम आजही आपल्या न्यायालयांत दिसतो. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात जामीन देताना जप्त केलेल्या मालात फुलोरा असल्याचे दिसत नाही, या मुद्द्यास महत्त्व दिले. झाडाचा कोणता भाग तराजूत टाकला, यावर माणसाच्या आयुष्याची वर्षे अवलंबून राहतात; कारण एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प’ आणि वीस किलोंपासून पुढचा ‘व्यापारी’ प्रमाणात मोडतो. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत, तर व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात कलम ३७ मुळे जामीन मिळणेही दुरापास्त होते. लागवडीसाठी कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तेथे झाडे किती, याची प्रतवारी नाही.

या कायद्याचे एक कमी चर्चिलेले कलम गावगाड्याशी थेट संबंधित आहे. कलम ४७ अन्वये अवैध लागवडीची माहिती मिळताच ती तत्काळ कळवण्याचे बंधन पंच, सरपंच व इतर ग्राम अधिकाऱ्यांवर आहे. कलम ४६ अन्वये ते जमीनधारकावरही आहे. अर्थात भाऊबंदकीच्या वादात हा कायदा शस्त्र म्हणून वापरला जाण्याची वाट त्यातच खुली आहे.

हितसंबंधांची तपासणी

बंदीमागे कोणाचे हित आहे, या प्रश्नाची लोकप्रिय उत्तरे नोंदींवर तपासून घेतली पाहिजेत.

*(१) कागद व रसायन उद्योग :* अमेरिकेतील वृत्तपत्रसम्राट हर्स्ट आणि ड्युपॉन्ट कंपनी यांनी धाग्याची स्पर्धा टाळण्यासाठी १९३७ ची बंदी घडवून आणली, ही कथा १९८० च्या दशकापासून फार प्रसृत झाली. तिचा पुरावा दुबळा आहे. हर्स्ट हे स्वतः वृत्तपत्रीय कागदाचे मोठे खरेदीदार होते. स्वस्त कागद त्यांच्या फायद्याचाच ठरला असता. आकर्षक कथा आणि सिद्ध झालेले सत्य यांत अंतर असते, हे यावरून ध्यानात घ्यावे.

*(२) औषध कंपन्या :* येथे मात्र नोंद स्पष्ट आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात गांजा कायदेशीर करण्याच्या प्रस्तावावर मतदान होते. त्याविरुद्धच्या प्रचारास इन्सिस थेराप्युटिक्स या कंपनीने पाच लाख डॉलर दिले. ही कंपनी फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक विकत होती आणि प्रयोगशाळेत बनवलेले टीएचसीयुक्त औषध बाजारात आणण्याच्या तयारीत होती. प्रस्ताव त्या वर्षी फेटाळला गेला.

*(३) मद्य व राज्याचा महसूल :* महाराष्ट्रात हा मुद्दा अधिक जवळचा आहे. राज्यघटनेचे कलम ४७ मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये या दोहोंच्या बंदीचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगते. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा करून १९५० पासून संपूर्ण दारूबंदी लागू केली. पुढे १९६० च्या दशकात ती शिथिल झाली. अलीकडील वर्षांत राज्याला उत्पादन शुल्कातून दरवर्षी वीस हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम मिळते. उसाच्या मळीपासून मद्यार्क बनतो आणि २००७ मध्ये तर धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या प्रकल्पांना शासनाने अनुदान देऊ केले होते. मद्यउद्योगाने गांजाबंदी घडवून आणली, असे यावरून सिद्ध होत नाही. तथापि, घटनेच्या एकाच कलमातील दोन पदार्थांपैकी एक महसुलाचा आधार आणि दुसरा तुरुंगाची वाट ठरतो, तेव्हा ही विभागणी केवळ आरोग्याच्या निकषावर झालेली नाही, एवढे निश्चित म्हणता येते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के भारतीय मद्य घेत होते, तर भांग, गांजा व चरस मिळून हे प्रमाण २.८ टक्के होते.

*(४) बंदी उठवण्यामागील हित :* हितसंबंध केवळ बंदीच्या बाजूस आहेत, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर केला. त्याच वर्षी कॉन्स्टेलेशन ब्रँड्स या मद्य कंपनीने तेथील कॅनोपी ग्रोथ या गांजा कंपनीत सुमारे चार अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या अल्ट्रियाने क्रोनोस या दुसऱ्या कंपनीत १.८ अब्ज डॉलर घालण्याचे ठरवले. तंबाखूचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी या आकड्यांचा अर्थ जरूर लावावा.

वादाच्या दोन बाजू

बंदी उठवण्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद न्यायाचा आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतील न्यायालयीन प्रकरणांवर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुसंख्य प्रकरणे वैयक्तिक सेवनाची व तीही गांजाची असल्याचे आढळले. मोठा व्यापारी क्वचित सापडतो. सापडतो तो ओढणारा. अमली पदार्थांचे व्यसन असलेल्या व्यक्तीने स्वेच्छेने उपचार घेतल्यास कलम ६४-अ अन्वये तिला संरक्षण मिळू शकते, पण या तरतुदीची माहिती फार थोड्यांना असते. जागतिक मतही पालटते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास सर्वांत कठोर अनुसूचीतून वगळले. भारताने बदलाच्या बाजूने मत दिले.

विरोधी बाजूचे म्हणणेही तितकेच गांभीर्याने घेतले पाहिजे. आयोगाने १८९४ मध्ये तपासलेला गांजा आणि आज निवडक वाणांतून निर्माण होणारा तीव्र गांजा एक नव्हेत. किशोरवयात सुरुवात, रोजचे सेवन आणि टीएचसीचे अधिक प्रमाण यांमुळे मनोविकृतीचा धोका वाढतो, असे आधुनिक संशोधन दाखवते. सेवन करणाऱ्यांपैकी साधारण दहातील एकास अवलंबित्व जडते. अल्पवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण अधिक असते. उपरोक्त २०१९ च्या सर्वेक्षणात सुमारे ७२ लाख भारतीयांना या संदर्भात मदतीची गरज असल्याचे नमूद आहे. आपल्या वर्गात बसणारा विद्यार्थी नेमक्या याच वयोगटातला असतो. थायलंडने २०२२ मध्ये निर्बंध उठवले आणि २०२५ मध्ये विक्रीसाठी पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घातली; पुरेसे नियम नसताना बाजार खुला करण्याचा हा धडा आहे.

शेतकरी कोठे आहे?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हा प्रशासनाकडे लेखी मागितली. कोणत्याच पिकास निश्चित भाव नाही, शेती तोट्यात जाते, असे कारण त्याने दिले होते. पोलिसांनी त्याकडे प्रसिद्धीचा खटाटोप म्हणून पाहिले. तो अर्ज कायद्याच्या दृष्टीने पूर्णपणे निराधार होता असे मात्र नाही. कलम १० लागवडीस परवानगी देण्याचे व तिचे नियमन करण्याचे अधिकार राज्य शासनास देते. कलम १४ धागा व बिया यांसाठीच्या लागवडीची तरतूद करते. उत्तराखंडने २०१८ मध्ये अशा औद्योगिक लागवडीचा परवाना दिला आणि हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासास मंजुरी दिली.

अर्थात परवाना मिळाल्याने लहान शेतकऱ्याचे भले होईलच, असे नाही. अल्प टीएचसीच्या पिकास प्रयोगशाळेची तपासणी, कुंपण, नोंदवह्या आणि खात्रीचा खरेदीदार लागतो. हे सारे भांडवलदाराच्या आवाक्यातले आहे. भीमा-घोड पट्ट्यातील दोन एकरांचा धनी या बाजारात उतरला, तर तो कंपनीचा कंत्राटी उत्पादक म्हणूनच उतरेल. उसाच्या बाबतीत सहकारी कारखान्याने निदान सभासदत्वाचा हक्क तरी दिला होता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

१. भारतातील गांजाबंदी भारतीय पुराव्याच्या आधारे आलेली नाही. येथील एकमेव सखोल चौकशीने नियंत्रण सुचवले होते. बंदी आंतरराष्ट्रीय कराराच्या मुदतीतून आली.

२. बंदीमागील हितसंबंध कोणा एका कटात शोधणे योग्य नव्हे. महसूल, राजनय आणि औषध व मद्य यांचे अर्थकारण यांच्या उघड नोंदींत ते दिसतात. बंदी उठवण्याच्या चळवळीमागेही तेवढेच मोठे भांडवल आहे.

३. वैयक्तिक सेवन आणि व्यापार यांत कायद्याने आजच्यापेक्षा स्पष्ट भेद करावा. सेवन करणाऱ्याची वाट तुरुंगाकडे न जाता उपचाराकडे जावी; विशेषतः विद्यार्थ्यांच्या बाबतीत महाविद्यालयांनी कलम ६४-अ ची माहिती समुपदेशनाचा भाग करावी.

४. धाग्यासाठीच्या लागवडीचा प्रश्न राज्य शासनाने कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर प्रथम तपासावा. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ एकेकाळच्या गांजाउत्पादक जिल्ह्यातच आहे. पुढे परवाने देण्याची वेळ आलीच, तर ते सहकारी वा शेतकरी उत्पादक संस्थांना द्यावेत आणि जाहिरातीस पूर्ण मनाई असावी.

५. धोरण बदलण्यापूर्वी १८९३ प्रमाणे खुली चौकशी व्हावी. त्या वेळी ११९३ साक्षी नोंदवल्या गेल्या. नव्या चौकशीत मानसोपचारतज्ज्ञ, पोलीस आणि उद्योजक यांच्याबरोबर व्यसनाने पोळलेली कुटुंबे आणि उसाच्या फडातील झाडांसाठी शिक्षा भोगून आलेला शेतकरी यांचीही साक्ष घेतली जावी. बंदी ठेवावयाची असो वा उठवावयाची, तिचा भार अखेरीस ज्यांच्यावर पडतो, त्यांना न विचारता घेतलेला निर्णय पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या तरी हिताचा ठरण्याचा संभव अधिक आहे.